उजेड न देणारा पडदा

लंडनमधल्या वेम्बलीच्या उत्तरेला, ईस्ट लेनवर, 1923 साली एका प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. ती ब्रिटनच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची. नाव तेच असलं तरी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकशी तिचं नातं नाही. क्लिफर्ड पॅटरसन तिचे संचालक. विजेचे दिवे, रेडिओचे व्हॉल्व्ह, पुढे ट्यूबलाइट हा तिथला रोजचा विषय. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या रँडल आणि बूट या जोडीने शोधलेल्या मॅग्नेट्रॉनला विमानात बसवता येईल असं रूप वेम्बलीतच एरिक मेगॉ यांनी दिलं आणि सप्टेंबर 1940 मध्ये त्याचा नमुना एका ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेला गेला. पुढे हर्स्ट रिसर्च सेंटर या नावाने हीच संस्था द्रवस्फटिकी पडद्यांवरच्या, म्हणजे एलसीडीवरच्या, संशोधनापर्यंत पोचली. 1990च्या दशकात तिथलं काम बोरमवुडला हललं.

वीज आत घ्यायची आणि उजेड किंवा लहरी बाहेर सोडायच्या, हा वेम्बलीचा जुना धंदा म्हणायला हरकत नाही. आजही सामन्याच्या संध्याकाळी स्टेडियमवरची 133 मीटर उंचीची कमान दिव्यांनी उजळते आणि वेम्बली पार्क स्टेशनपासून मैदानापर्यंत एलईडीचे फलक डोळे दिपवतात. पण त्याच गर्दीतून वाट काढत कुणी मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यात बसतो, पिशवीतून किंडल हा ॲमेझॉनचा ई-वाचक काढतो आणि वाचायला लागतो. त्याचा ई-पेपरचा पडदा मुळात उजेड देतच नाही. डब्यातल्या दिव्याचा किंवा खिडकीतून येणारा उजेड तो फक्त परत पाठवतो, पुस्तकाच्या पानासारखाच.

वेम्बलीतल्या ईलिंग रोडवरच्या भाजीच्या दुकानांत भेंडी-तोंडल्याचे भाव अजून पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेले दिसतात. मोठ्या साखळी दुकानांनी मात्र फळीच्या कडेला ई-पेपरचेच छोटे पांढरे फलक लावायला सुरुवात केली आहे. भाव काळ्यात, सवलत लाल रंगात. दुरून छापील कागदच वाटतो. भिंग लावून पाहिलं तर अक्षरांच्या कडा किंचित दातेरी दिसतात आणि पांढऱ्या भागावर बारीक रवाळ पोत दिसतो. या फलकाच्या आतली बटणासारखी बॅटरी काढून घेतली तरी भाव तसाच दिसत राहतो. वीज लागते ती भाव बदलतानाच. म्हणून तर एवढीशी बॅटरी कित्येक वर्षं पुरते. पुठ्ठ्याचा हा गुण यंत्रात आणायला माणसाला बरीच वर्षं घालवावी लागली.

गोष्ट सुरू होते मॉस्कोत, 1807 साली. फर्डिनंड फ्रीड्रिख रॉइस या प्राध्यापकाने ओल्या चिकणमातीत पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्या रोवल्या आणि त्यात विजेचा दाब दिला. मातीचे कण एका टोकाकडे सरकू लागले. कारण साधं आहे. द्रवात तरंगणाऱ्या बहुतेक सूक्ष्म कणांच्या पृष्ठभागावर थोडा विद्युतभार असतो. द्रवात विद्युतक्षेत्र निर्माण केलं की धन भाराचे कण ऋण टोकाकडे आणि ऋण भाराचे धन टोकाकडे जातात. यालाच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. कण किती वेगाने जाणार हे त्याच्या पृष्ठभागाजवळच्या विद्युतदाबावर आणि विद्युतक्षेत्राच्या जोरावर ठरतं. द्रव जितका दाट तितका वेग कमी. ही शेवटची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, थंडीच्या दिवसांत ती पुन्हा आड येणार आहे.

पडद्यांच्या आधी हे तत्त्व कामाला लागलं ते दवाखान्यात. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी त्यावरून रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवली, त्यांना 1948चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकतं. त्यातला एकच घटक बदललेला असतो, पण त्यामुळे भार बदलतो आणि चालही. विदर्भात किंवा नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी झालेल्या घरांना ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ हा शब्द रक्ताच्या रिपोर्टवरून ओळखीचा असतो. वेम्बली ज्या ब्रेंट बरोमध्ये आहे तिथेही तो नवा नाही. ब्रिटनमधलं सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या समुपदेशनाचं पहिलं केंद्र 1979 साली ब्रेंटमध्येच सुरू झालं, एलिझाबेथ अनिओनवू या परिचारिकेच्या पुढाकाराने. रक्तातला फरक ओळखणारं तत्त्व आणि किंडलवर अक्षर उमटवणारं तत्त्व एकच आहे.

मग या सरकणाऱ्या कणांनी चित्र काढायचं कुणाच्या डोक्यात आलं? जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या इसाओ ओटा यांच्या. 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दोन काचांच्या मध्ये रंगीत द्रव भरला आणि त्यात पांढरे भारित कण सोडले. कण वरच्या काचेकडे ओढले की जागा पांढरी दिसायची, मागे ढकलले की द्रवाचा गडद रंग. 1973 साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत, युरोपात अनेकांनी हा विषय उचलला. ब्रिटनमध्ये प्लेसी कंपनीच्या केझवेलच्या प्रयोगशाळेत त्यावर काम झालं. पुढे 1989 साली हीच प्लेसी वेम्बलीवाल्या जनरल इलेक्ट्रिकने सीमेन्सबरोबर मिळून विकत घेतली, पण तोवर या पडद्यातला रस आटला होता.

आटण्याचं कारण होतं गुठळ्या. पांढरे कण बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचे, घराच्या भिंतींना लावायच्या पांढऱ्या रंगात असतात तेच. हे द्रव्य पाण्याच्या चौपट जड. तेलकट द्रवात ते तळाशी बसू लागतं. शिवाय सूक्ष्म कण एकमेकांना चिकटायला टपलेलेच असतात. डाळीचं पीठ नीट न कालवता उकळत्या पाण्यात पडलं की पिठल्याच्या जशा गाठी होतात, तसं काही महिन्यांत या पडद्यात व्हायचं. कण एका कोपऱ्यात गोळा व्हायचे, पडद्यावर डाग पडायचे आणि चित्र विटून जायचं. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या केंद्रात निक शेरिडन यांनी 1970च्या दशकात दुसरी वाट धरली. अर्धे काळे, अर्धे पांढरे असे सूक्ष्म गोळे विजेने जागच्या जागी फिरवायचे. त्याला ते जायरिकॉन म्हणत. कल्पना देखणी होती, काही फलकही बाजारात आले, पण 2005 साली झेरॉक्सने त्यासाठी काढलेली कंपनी बंद केली.

कण हलवणं कधीच अवघड नव्हतं. ते रॉइसला जमलं होतं. अवघड होतं ते कणांना एकमेकांपासून दूर ठेवणं आणि हलवून झाल्यावर नेमून दिलेल्या जागी बसवून ठेवणं. ई-पेपरच्या इतिहासात ज्यांनी नाव कमावलं ते विजेपेक्षा या दोन गोष्टींमुळे.

हे कोडं सुटलं ते अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. प्राध्यापक जोसेफ जेकबसन आणि पदवीचं शिक्षण घेणारे दोन विद्यार्थी, बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट. त्यांनी सगळा द्रव एकाच मोठ्या पोकळीत न भरता लाखो सूक्ष्म कुप्यांत वाटून टाकला. कुपीच्या भिंतीबाहेर कणाला जाताच येत नाही, म्हणून कोपऱ्यात गोळा होण्याचा प्रश्न मिटला. आणि कुप्यांची ही शाई कुठल्याही पृष्ठभागावर थापता येते, हा फायदा वेगळाच. जुलै 1998 मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला, पण त्याच्या आधीच, 1997 साली, ई-इंक नावाची कंपनी निघालेली होती. 2016 साली तिघांची नावं अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेन्टर्स हॉल ऑफ फेममध्ये गेली. पदवीच्या वयात असं काही हाती लागणं, तेही मात्सुशिता आणि प्लेसीसारख्यांनी हात टेकल्यावर, ही सहसा घडणारी गोष्ट नव्हे.

कुप्या करण्याची विद्या मात्र उसनी होती. पावती पुस्तकात कार्बन न घालता खालच्या कागदावर उमटणारी अक्षरं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. त्या कागदाच्या पाठीला रंगद्रव्याच्या सूक्ष्म कुप्यांचा थर असतो, पेनाचा दाब पडला की त्या फुटतात. नॅशनल कॅश रजिस्टर या अमेरिकन कंपनीने हे तंत्र 1950च्या दशकात बाजारात आणलं. ई-इंकने पुढे कुप्यांच्या भिंतीसाठी जे मिश्रण निवडलं त्यात जिलेटिन आहे आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक आहे. फरक इतकाच की पावतीपुस्तकातली कुपी फुटण्यासाठी केलेली असते, किंडलमधली कधीही न फुटण्यासाठी.

एक कुपी साधारण केसाच्या जाडीची किंवा त्याहून लहान. तिच्यात पारदर्शक, तेलासारखा द्रव. त्यात पांढरे आणि काळे असे दोन तऱ्हेचे कण, दोघांवरचे भार एकमेकांच्या विरुद्ध. विजेचा दाब एका दिशेने दिला की पांढरे वर येतात आणि काळे खाली जातात, उलटा दिला की उलट. दर कणावर पॉलिमरच्या केसाळ साखळ्या रुजवलेल्या असतात, त्या शेजारच्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. त्यामुळे गुठळ्या टळतात. द्रवातही पॉलिआयसोब्युटिलीनसारखं एखादं पॉलिमर थोडं घालतात. मग वीज बंद झाली तरी कण आहेत तिथे थबकतात आणि चित्र आठवडेच्या आठवडे टिकतं. किंडल बंद केल्यावरही त्यावर चित्र दिसत राहतं, तेव्हा ते टिकवायला वीज मुळीच खर्च होत नसते.

या कुप्यांचा एकथरी लेप एका पारदर्शक फिल्मवर देतात. फिल्मवर इंडियम टिन ऑक्साइडचा पातळ वाहक थर असतो, तो संपूर्ण पडद्याला सामाईक. खाली काचेवर किंवा प्लास्टिकवर ट्रान्झिस्टरची जाळी, प्रत्येक ठिपक्याला एक. प्लास्टिकवर ही जाळी उमटवण्याची धडपड ब्रिटनमध्ये केम्ब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून निघालेल्या प्लास्टिक लॉजिक या कंपनीने केली, जरी तिचा क्यू नावाचा ई-वाचक बाजारात पोचायच्या आधीच 2010 साली गुंडाळावा लागला. जाळीतून दर ठिपक्याला साधारण अधिक किंवा उणे 15 व्होल्टचा दाब मिळतो. ठिपका आणि कुपी यांची जोडी ठरलेली नसते. एकाच कुपीचा डावा अर्धा काळा आणि उजवा अर्धा पांढरा असू शकतो, कारण तिच्याखालून दोन ठिपक्यांची सीमा गेलेली असते.

आता करड्या रंगाचं काय? इथे एलसीडीची सवय सोडावी लागते. एलसीडीला दाब कमी-जास्त दिला की उजेड कमी-जास्त होतो आणि दाब काढला की सगळं पूर्वपदावर. ई-पेपरात दाब ठरलेलाच असतो, बदलतो तो वेळ. पांढऱ्यावरून काळ्याकडे जाणारे कण अर्ध्या वाटेवर सोडून दिले की करडी छटा मिळते. सध्याचे ई-वाचक अशा सोळा छटा दाखवतात. पण अर्ध्या वाटेवर नेमकं थांबवायचं तर निघाले कुठून हे माहीत हवं. म्हणून यंत्र दर ठिपक्याची आधीची छटा लक्षात ठेवतं आणि ‘या छटेवरून त्या छटेवर जायचं तर इतके धक्के इकडे, इतके तिकडे’ असं एक कोष्टक उघडून पाहतं. या धक्क्यांच्या मालिकेला कारखान्यातली मंडळी वेव्हफॉर्म म्हणतात, आणि ई-पेपर बनवणाऱ्यांची खरी कमाई म्हणजे ही कोष्टकं. त्यात आणखी एक बंधन पाळावं लागतं. एका दिशेने दिलेले सगळे धक्के आणि विरुद्ध दिशेने दिलेले धक्के यांची बेरीज अखेरीस शून्य आली पाहिजे. नाही आली तर आत भार साठत जातो आणि पडदा खराब होतो.

पान उलटताना पडदा क्षणभर काळा-पांढरा लुकलुकतो तो याच हिशोबापायी. मागच्या पानाची पुसट सावली, जिला भूत म्हणतात, ती घालवण्यासाठी सगळ्या कणांना एकदा एका टोकाला नेऊन मग नव्या जागी आणतात. नवी यंत्रं हे दर पानाला करत नाहीत, पण काही पानांनी एकदा करतातच. कुणाला तो झटका खटकतो. खरं तर तो नसता तर दहाव्या पानावर पहिल्या नऊ पानांचा मजकूर फिकट दिसत राहिला असता.

थंडी. द्रव दाट झाला की कण मंदावतात, हे वर आलंच आहे. म्हणून प्रत्येक ई-पेपर यंत्रात तापमान मोजणारा एक भाग असतो आणि तापमानागणिक वेगळं कोष्टक वापरलं जातं. बहुतेक पडदे शून्य ते पन्नास अंश सेल्सिअसमध्ये चालावेत अशा बेताने केलेले असतात. 2015च्या अखेरीस ट्रान्सपोर्ट फॉर लंडनने बसथांब्यांवर ई-पेपरचे फलक चाचणीसाठी बसवले, वरती छोटं सौर पॅनल. डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. अशा ठिकाणी सौर विजेवर फलक चालवण्याचा विचार एलईडीच्या बाबतीत कुणी केला नसता, ई-पेपरला तेवढी वीज पुरते. अंधार पडल्यावर मात्र त्याच्यावर दिवा लावावा लागतो, कारण त्याचा स्वतःचा उजेड शून्य. नागपुरात अडचण उलटी येईल. मे महिन्यात हवेचंच तापमान 46 अंशांवर जातं तिथे भर उन्हातल्या थांब्यावर काचेमागचा फलक पन्नाशी सहज ओलांडेल. आपल्याकडे असे थांबे करायचे झाले तर आधी त्याचा विचार करावा लागेल.

शुभ्रपणाच्या बाबतीत ई-पेपर अजून कागदाला गाठत नाही. पडद्यावर पडणाऱ्या उजेडापैकी चाळीस-पंचेचाळीस टक्केच परत येतो, चांगला पांढरा कागद याच्या जवळजवळ दुप्पट परत पाठवतो. 2012 साली बार्न्स अँड नोबलच्या नूकने आणि पाठोपाठ किंडल पेपरव्हाइटने कडेला बारीक एलईडी बसवून त्यांचा उजेड वरून पडद्यावर पसरवायची युक्ती आणली. तो मागून डोळ्यांत येत नाही, वरून पडद्यावर पडतो आणि तिथून परततो. त्यामुळे डोळे शिणत नाहीत असं पुष्कळजण सांगतात. भर उन्हात फोनचा पडदा दिसेनासा होतो आणि ई-पेपर उलट जास्त चांगला दिसतो, यात मात्र वादाला जागा नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. सुरुवातीच्या किंडलवर इंचाला 167 ठिपके होते. दहा पॉइंटचा टाइप घेतला तर एका ओळीच्या उंचीला जेमतेम 23 ठिपके मिळतात. इंग्रजीला ते चालून जातं. देवनागरीला त्याच 23 ठिपक्यांत वरची वेलांटी किंवा मात्रा, मग शिरोरेषा, मग अक्षर आणि खाली उकार किंवा रकाराची तिरकी रेघ बसवायची असते. ‘दृष्ट्या’ किंवा ‘क्षुद्र’ असा शब्द आला की खालचा भाग काळा ठिपका होऊन बसतो. आता चांगल्या ई-वाचकांवर इंचाला 300 ठिपके असतात, म्हणजे त्याच ओळीला 41-42. जोडाक्षरं सुटी दिसू लागतात ती इथून. किमतीतला फरक पाहून जुना, कमी ठिपक्यांचा ई-वाचक आईवडिलांसाठी घेणाऱ्यांनी हे पाहून घ्यावं.

बाजारात यायलाही ई-पेपरने वेळ घेतला. 1999 साली अमेरिकेत जेसी पेनीच्या दुकानात पहिले मोठे फलक लागले. एप्रिल 2004 मध्ये सोनीने जपानमध्ये लिब्रिए हा ई-वाचक आणला. पडदा उत्तम, पण त्यावर घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी आपोआप नाहीसं व्हायचं, मग कोण घेणार! भारतीयांच्या हातात हा पडदा पहिल्यांदा आला तो पुस्तक म्हणून नाही, फोन म्हणून. 2006च्या अखेरीस मोटोरोलाने मोटोफोन एफ3 भारतात आणला. उन्हात स्पष्ट दिसणारा, दिवसचे दिवस चार्जिंग न मागणारा सडपातळ फोन. पण पडद्यावर सहा-सहा अक्षरांच्या दोनच ओळी. त्यामुळे एसएमएस वाचणं हा एक व्यायाम होऊन बसला. 2008 साली अमेरिकेच्या ‘एस्क्वायर’ मासिकाने आपल्या पंचाहत्तरीच्या अंकाच्या एक लाख प्रतींवर लुकलुकणारं ई-पेपरचं मुखपृष्ठ लावलं, आतली बॅटरी साधारण तीन महिने चालली. आपल्या दिवाळी अंकांनी हा नाद केला नाही, हे बरंच झालं.

चित्र बदललं ते 2007च्या नोव्हेंबरात. 399 डॉलरचं किंडल साडेपाच तासांत संपलं. ब्रिटनसाठीचं स्वतंत्र किंडल दुकान 2010च्या ऑगस्टमध्ये उघडलं आणि वायफायवालं यंत्र 109 पौंडांना मिळू लागलं. 2009 साली तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलने ई-इंक कंपनी विकत घेतली आणि पुढे तिचंच नाव लावलं. आज जगातल्या बहुसंख्य ई-पेपर पडद्यांची फिल्म याच एका कंपनीकडून येते. एवढी मक्तेदारी वाचकांच्या हिताची नाही, किमती खाली यायला लागलेला उशीर त्याचीच साक्ष देतो.

रंगांचं गणित अजून पुरतं सुटलेलं नाही. एक मार्ग असा की काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळणीचा थर ठेवायचा. 2024 साली आलेलं किंडल कलरसॉफ्ट या जातीचं आहे. गाळणी उजेड खाते म्हणून रंग फिके, आणि रंगीत चित्राचे ठिपके इंचाला 150 वर येतात. दुसरा मार्ग म्हणजे कुपीतच रंगीत कण घालायचे, प्रत्येकाचा भार आणि आकार वेगळा, आणि धक्क्यांच्या मालिकेने हवा तो वर आणायचा. रंग चांगले येतात, पण वेळ लागतो. दुकानातल्या फलकावरचा लाल रंग हा याच मार्गाचा सोपा अवतार. फलकाला घाई नसते. जानेवारी 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने लास वेगासच्या प्रदर्शनात काळ्याची पांढरी होणारी मोटार दाखवली, तिच्या पत्र्यावर ई-इंकची फिल्म कापून बसवली होती. रस्त्यावर ती आलेली नाही. तसं पाहिलं तर ई-पेपरवर सिनेमा दाखवण्याचा अट्टहासही सोडून द्यावा, असं हे तंत्र पाहून वाटतं. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा बदलायचं झालं तर न बदलता टिकण्याचा त्याचा मुख्य गुणच वाया जातो. जिथे मजकूर तासाला, दिवसाला किंवा पान वाचून होईपर्यंत बदलायचा नसतो, ती त्याची जागा. म्हणूनच वॉलमार्टने 2024 साली आपल्या 2,300 दुकानांत असे भावफलक लावायचं जाहीर केलं, आणि स्वीडनच्या प्रायसरसारख्या कंपन्या छतावरून इन्फ्रारेड किरणांनी हजारो फलकांचे भाव एका फटक्यात बदलतात. गर्दीच्या वेळी भाव वाढवायला त्याचा वापर होईल, ही ग्राहकांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. तो प्रश्न कायद्याने सोडवायचा आहे, कणांनी नव्हे.

वेम्बली-हॅरोच्या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत. 1932 साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही याच ब्रेंट बरोमध्ये, डॉलिस हिलला आहे. या घरांना मराठी पुस्तकं मिळण्याचे मार्ग मोजके. विमानाच्या बॅगेत वजन मोजून आणायची, किंवा टपालखर्च सोसून मागवायची. त्यातच 2011च्या ऑक्टोबरात ब्रेंट कौन्सिलने बारापैकी सहा ग्रंथालयांना टाळं लावलं. त्यातलं वेम्बलीजवळचं प्रेस्टन ग्रंथालय पुढे स्वयंसेवकांनी चालवायला घेतलं आणि 2013 साली नव्या सिव्हिक सेंटरमध्ये वेम्बली लायब्ररी उघडली. ई-वाचक अशा वस्तीला सोयीचा असायला हवा, आणि आहेही, पण दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्यात.

पहिली. ब्रिटनमधल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांची ई-पुस्तकं लिबी या ॲपवरून फुकट मिळतात. ती किंडलवर उतरवायची सोय फक्त अमेरिकेत आहे. ब्रिटनमध्ये ग्रंथालयाची पुस्तकं ई-पेपरवर वाचायची असतील तर कोबोचा ई-वाचक घ्यावा, त्यात ती सोय आतच असते.

दुसरी गोष्ट मराठी पुस्तकांची. ॲमेझॉनने 2016च्या डिसेंबरात किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आणली, आणि तेव्हापासून संख्या वाढते आहे. तरीही बरंचसं मराठी डिजिटल साहित्य पीडीएफ स्वरूपात फिरतं. पीडीएफ म्हणजे जणू छापील पानाचा फोटोच. सहा इंची पडद्यावर ते पान मावतं, पण अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला पडदा सरकवताना तो लुकलुकाट सोसावा लागतो. ई-पब स्वरूपातलं पुस्तक असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात. साठीच्या पुढच्या वाचकाला याहून मोठी सोय नाही. अडचण पडद्यात नाही, मजकुरात आहे. आपल्याकडची पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत जुळवली गेली, त्यातली अक्षरं युनिकोडमध्ये आणल्याशिवाय ई-पब होत नाही. रूपांतर करणारी साधनं उपलब्ध आहेत, त्यानंतर एक काळजीपूर्वक मुद्रितशोधन लागतं, बस. मराठी प्रकाशकांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी येत्या अंकापासून छापखान्याला फाइल पाठवतानाच युनिकोडमधली एक प्रत तयार करून ई-पब काढावं, आणि वाचकांनीही पीडीएफऐवजी त्याचीच मागणी करावी.